वेदना : निरंक

दुःखाशिवाय साहित्य नाही, आणि साहित्याशिवाय दोन क्रेडिट नाहीत. पहिली गोष्ट थोरामोठ्यांनी केव्हाच सांगून ठेवली आहे. दुसरी नव्या अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तिकेत छापलेली आहे. दोन्ही एकत्र वाचल्यास निष्कर्ष असा निघतो, की ज्याला पदवी हवी त्याने दुःखाची तजवीज वेळेत करून ठेवावी. परीक्षेच्या तोंडावर धावपळ करून जमवलेलं दुःख कच्चं निघतं आणि तज्ज्ञांच्या ते लगेच ध्यानात येतं.

माझी पुतणी प्रतिक्षा हिने ही तजवीज केली नव्हती. त्यात तिचा दोष थोडा आणि घरच्यांचा जास्त. मी स्वतः सेवानिवृत्त ग्रामसेवक आहे. (सेवा एकतीस वर्षं; चौकशी एकच, तीही नामसाधर्म्यामुळे.) तिच्यात लिहिण्याचा गुण माझ्याकडून आला असं माझं नम्र मत आहे. तिच्या पहिल्या काही कथांना मी वर ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ जोडून दिले होते. तिने ते काढून टाकले. नव्या पिढीला घाई असते, चालायचंच.

आमचं गाव हट्ट्याच्या पुढे, सिद्धेश्वरच्या कालव्याला लागून. प्रतिक्षा वसमतच्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. सकाळच्या एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून ती मोबाइलमध्ये कथा लिहिते. रस्ता जिथे खराब तिथे तिची वाक्यं आखूड होतात. (सदर रस्त्याचं काम मंजूर झाल्यापासून तिची शैली फारच आटोपशीर झाली आहे.) संध्याकाळी घरी येऊन ती आईच्या हाताखाली हळद पसरते, भाकरी थापते आणि दिवसभराचं लिहिलेलं मला वाचून दाखवते. मी ‘वाचले’ म्हणून तोंडी शेरा देतो. एकूण लेखिकेचं आयुष्य सुरळीत चाललेलं होतं, आणि तिथेच मेख होती.

महाविद्यालयाने पाच दिवसांची सर्जनशील लेखन कार्यशाळा घेतली. समन्वयक शिवशंकर सर. भला माणूस. त्यांच्याकडे स्नेहसंमेलन, वृक्षारोपण आणि सर्जनशीलता अशी तिन्ही खाती आहेत. मार्गदर्शनासाठी पुण्याहून एक तज्ज्ञ बोलावले होते. साठीकडे झुकलेले, खांद्याला झोळी, आवाज मऊ. उद्घाटनात दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सात सत्कार आणि सात आभार झाले, आणि त्या दिवशी निर्मितीसाठी चाळीस मिनिटं उरली. तेवढी पुरतात, असं शिवशंकर सरांचं म्हणणं पडलं.

तज्ज्ञांनी सांगितलं, की मराठवाड्याच्या मातीत वेदना खच्चून भरलेली आहे. फक्त खणायला हवं. आमच्याकडे खणलं की सध्या हळद निघते. पण ते पाहुणे होते, म्हणून कुणी काही बोललं नाही. मग त्यांनी मुलांना ‘आपली जखम’ असा विषय देऊन लिहायला बसवलं. त्या सत्राची आकडेवारी शिवशंकर सरांनी मला मागाहून दिली ती अशी: एकूण विद्यार्थी बेचाळीस. दुष्काळ एकोणीस. गेलेला बैल अकरा. अकाली वारलेले वडील आठ. (पैकी सहा वडील त्या वेळी गेटबाहेर मोटारसायकल घेऊन लेकरांची वाट पाहत उभे होते.) प्रेमभंग तीन. इतर, एक.

इतरमध्ये प्रतिक्षा.

तिची कथा दोन जावांची होती. लोणच्याच्या बरणीच्या झाकणावरून दोघींचं नऊ वर्षांपूर्वी वाजलं आणि बोलणं बंद झालं. पण शेत एक, अंगण एक, हळद शिजवायची तीही एकाच वेळी. म्हणून ज्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, त्या म्हशीशी बोलतात. ‘काय गं, आज वरणात मीठ पडलं का न्हाई?’ असं एक जण म्हशीला विचारते. दुसरी म्हशीच्याच पाठीवर हात फिरवत तिला सांगते, की ज्याच्या जिभेला चव असंल त्याला कळंल. अशी नऊ वर्षं निघतात. मग घरधनी एके दिवशी म्हैस विकून येतो आणि दोघींची मोठी पंचाईत होते. (कथेतली एक जाऊ म्हणजे प्रतिक्षाची आई निर्मलाबाई आणि दुसरी प्रस्तुत लेखकाची पत्नी पद्माबाई. प्रकरण अद्याप प्रलंबित असल्यामुळे अधिक भाष्य करता येत नाही. आमची म्हैस मात्र विकलेली नाही.)

प्रतिक्षाने कथा वाचली तेव्हा वर्ग हसला. बाहेरचा शिपाई आत येऊन हसला. तज्ज्ञांनी हसू ओसरेपर्यंत शांतपणे वाट पाहिली आणि शेरा लिहिला: ‘भाषा चांगली. निरीक्षण चांगलं. वेदनेचा अभाव. पुनर्लेखन करावं.’ श्रेणीच्या रकान्यात त्यांनी ‘अपूर्ण’ असं लिहिलं.

अपूर्ण म्हणजे दोन क्रेडिट कमी. दोन क्रेडिट कमी म्हणजे पदवी पुढच्या साली. आणि पदवी पुढच्या साली म्हणजे काय, ते माझा धाकटा भाऊ विश्वंभर याने त्याच संध्याकाळी ओसरीवर सांगितलं.

“मी दोन्हीकडं शब्द देऊन बसलोय, बाई. या साली डिग्री आली तर नांदेडला एम.ए.ला जा, मी सोताहून नेऊन सोडतो. न्हाई आली तर पाथरीच्या पाहुण्यांना अजून किती दिवस थांबवू?”

विश्वंभर वाईट बाप नाही. मुलीच्या कथा त्याला कळत नाहीत, पण तिच्या मोबाइलचं चार्जिंग संपत आलं की पंप बंद करायचं सोडून आधी तो चार्जर शोधतो. तरी शब्द म्हणजे शब्द. पाथरीचे पाहुणे एक वर्ष थांबले होते आणि मुलगाही चांगला होता, ही आणखी एक अडचण. रात्री प्रतिक्षा जेवली नाही, तेव्हा निर्मलाबाईंनी तिला विचारलं, की नेमकं कमी काय पडलं. तिने सांगितलं, दुःख. निर्मलाबाई म्हणाल्या, “मग काल काहून सांगितलं न्हाईस? काल बाजार होता.”

पुढच्या दोन दिवसांत प्रतिक्षाने मन लावून पुनर्लेखन केलं. पहिल्या खर्ड्यात तिने म्हैस मारली. शिवशंकर सरांनी म्हटलं, जनावराच्या मरणाला हल्ली एकच क्रेडिट धरतात. दुसऱ्या खर्ड्यात तिने एक जाऊ मारली. ते वाचून दाखवताच पद्माबाईंनी ‘कोणती?’ असं विचारलं आणि घरातलं वातावरण बिघडलं. तिसऱ्यात तिने सगळं घरदार दारिद्र्यात लोटलं. पण त्या घरातली आई दुसऱ्याच पानावर आल्या-गेल्याला तूप वाढू लागली. प्रतिक्षाने पुष्कळ खोडून पाहिलं, गरिबी काही टिकेना.

शेवटी तज्ज्ञांना तिची दया आली. ते म्हणाले, वेदना तुझ्या घरातच आहे, फक्त तुला ती दिसत नाही. रविवारी मी स्वतः येतो आणि दाखवतो. माहितीपुस्तिकेत याला ‘क्षेत्रभेट’ म्हणतात.

आता गावात पाहुणा काय पाहायला येतो आहे हे कळल्यावर ते त्याला दिसलं पाहिजे, एवढी रीत आमच्याकडे आहे. मारुतीच्या पारावर सप्ताह समितीची बैठक बोलावण्यात आली. (गावात इतरही समित्या आहेत; परंतु काम करणारी तेवढी हीच.) सप्ताहात हजार माणसांची पंगत उठवणाऱ्या लोकांना एका माणसापुरतं दुःख जमवणं अवघड जाऊ नये, असा सर्वांचा अंदाज होता. उपलब्ध साठा किती आहे ते पाहण्यासाठी घरोघर पाहणी करण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी दारोदार फिरलो. प्रत्येक दारात विचारलं, की बाबांनो, काही तकलीफ आहे का. प्रत्येक दारातून उत्तर आलं, ‘सगळं बराबर हाय, बसा, चहा घ्या.’ ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळलेला आहे तिथेही सगळं बराबर होतं. ज्या घरातला मुलगा दोन वर्षं फोन करत नाही तिथेही बराबर होतं, आणि चहात साखर जास्त होती. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला दुसरं उत्तर द्यायची आमच्याकडे पद्धतच नाही. शासकीय अहवालात कोणताही रकाना कोरा ठेवत नाहीत, तिथे ‘निरंक’ असं लिहितात. मीही लिहिलं, वेदना : निरंक. खाली सही केली आणि समितीला सादर केलं.

समितीने परिस्थितीचं गांभीर्य ओळखून काही निर्णय घेतले. ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन लावावा. निर्मलाबाईंच्या फ्रिजवर गोधडी टाकावी. कालव्याला उन्हाळी पाणी सुटलेलं होतं आणि काठोकाठ वाहत होतं. एक दिवस ते बंद ठेवावं म्हणून अर्ज करायचं ठरलं, पण अर्जाचं कारण काय लिहावं यावर एकमत होईना, म्हणून पाहुण्यांना मागच्या वाटेने आणायचं ठरलं. अंगणात वाळत घातलेल्या हळदीचं काहीच करता येण्यासारखं नव्हतं. ती पिवळीधमक पसरून राहिली. बायकांनी जुनी लुगडी नेसावीत अशी सूचना आली, ती बायकांनी एकमुखाने फेटाळली. पाहुण्यासमोर जुनेर नेसून उभं राहायला त्यांचं घर काय बुडालं होतं का? शेवटी साडी नवी नेसावी आणि चेहरा जुना ठेवावा अशी तडजोड झाली.

मुख्य कार्यक्रम सखुबाईंकडे सोपवला. सखुबाई सत्तरीच्या. आमच्या भागात कुणी गेलं की बायका हेल काढून रडतात, गेलेल्याचे गुण सांगत सांगत, आणि त्यात सखुबाईंचा हात धरणारं तीन गावांत कुणी नाही. त्या रडू लागल्या की मयताच्या वैऱ्यालाही आपलं चुकलंच असं वाटतं. त्यांनी काम लगेच पत्करलं, फक्त विचारलं, कुणाच्या नावानं रडू? नाव असल्याशिवाय हेल लागत नाही. झाली पंचाईत. विश्वंभर तयार होईना. सरपंचांनी निवडणुका जवळ असल्याचं कारण दिलं. पद्माबाईंनी म्हशीकडे पाहत माझं नाव सुचवलं. त्यावर चर्चा पुढे ढकलून, नाव ऐन वेळी ठरवावं असं ठरलं.

रविवारी तज्ज्ञ आले, सोबत शिवशंकर सर. मागच्या वाटेने आणले, तरी गोठ्यात कुणीतरी चालू केलेल्या ट्रॅक्टरचा आवाज त्यांना आला. तो शेजाऱ्यांचा आहे असं विश्वंभरने सांगितलं. त्याला खोटं बोलायची सवय नसल्यामुळे तो पुढे अर्धा तास घाम पुसत होता. तज्ज्ञांनी घरभर फिरून पाहिलं. गोधडीखाली काय आहे असं विचारलं, तेव्हा निर्मलाबाईंनी ‘म्हातारी आजारी हाय’ असं सांगितलं, आणि आतून बर्फ पडल्याचा आवाज आला. तज्ज्ञांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

जेवणाला कोरडी भाकरी आणि ठेचा एवढंच करायचं, असं समितीत स्पष्ट ठरलेलं होतं. पण एका घरी पाहुणा आला की आळीतल्या प्रत्येक घरातून वाटीभर काहीतरी येतं, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. कोरड्या भाकरीच्या भोवती एक एक करत नऊ भाज्या, दोन कढ्या, शेवयांची खीर आणि धोंडे येऊन बसले. पद्माबाईंनी नऊ वर्षांत पहिल्यांदा निर्मलाबाईंच्या चुलीजवळ येऊन स्वतःच्या हातची पुरणपोळी ठेवली. (म्हशीला तसं आधी सांगितलं होतं.) शिवशंकर सर ताटाकडे पाहून डोक्याला हात लावून बसले. पोरीचं नांदेड त्या ताटात बुडताना मला दिसत होतं.

तेव्हा प्रतिक्षाने सखुबाईंना खूण केली. सखुबाई पदर सावरून तज्ज्ञांच्या समोर येऊन बसल्या. आळीतल्या बायका मागे बसल्या. सखुबाईंनी रडण्याआधी, सवयीप्रमाणे, समोरच्या माणसाकडे एकदा नीट पाहिलं. ते भाकरी मोडत होते. मोडण्याची रीत एकट्याने जेवणाऱ्याची होती, एक घास, मग थोडं थांबणं, जणू कुणी वाढणारच नाही अशी.

“घरी कोण कोण असतंय रे, लेकरा?” सखुबाईंनी विचारलं.

तज्ज्ञांना बहुधा बऱ्याच वर्षांत कुणी लेकरू म्हटलं नसावं. त्यांनी सांगितलं.

“मग ताट कोण वाढतंय तुला?”

तज्ज्ञांचा घास हातातच राहिला. मग ते बोलू लागले. पुष्कळ वेळ बोलले. पुरणपोळी थंड झाली, ती निर्मलाबाईंनी उचलून गरम वाढली, तीही थंड झाली. बोलता बोलता त्यांचा चष्मा ओला झाला. सखुबाईंना हेल लागला, आणि त्यासाठी कुणाचं नाव घ्यावं लागलं नाही. मागच्या सगळ्या बायका रडल्या. पद्माबाई निर्मलाबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या, मग भानावर येऊन बाजूला झाल्या. मी स्वतः डोळे पुसले. नंतर सगळ्यांनी मिळून तज्ज्ञांना आग्रह करकरून आणखी एक पोळी खायला लावली, आणि ते जेवले. इतकं चांगलं जेवताना मी माणूस फार दिवसांनी पाहिला.

निघताना गाडीजवळ ते प्रतिक्षाला म्हणाले, आज घडलं ते लिही. जसंच्या तसं. यात सगळं आहे, तुझी क्रेडिट कुठे जात नाहीत. शिवशंकर सरांचा चेहरा उजळला. विश्वंभरने मोठा श्वास सोडला. मीही मनातल्या मनात पोरीचं सामान बांधायला घेतलं.

प्रतिक्षा म्हणाली, “न्हाई लिहिणार, सर.”

शिवशंकर सर मागून हातवारे करू लागले. तिने तिकडे पाहिलं नाही.

“तुमी आमच्या घरी जेवता जेवता बोलले. ते ताटावरचं बोलणं हाय. ते मी कागदावर काहून नेऊ?”

मग विश्वंभर, ज्याचा शब्द पाथरीला अडकलेला होता, तो म्हणाला, “बराबर हाय तिचं.” मला त्या क्षणी दोघांचाही फार अभिमान वाटला आणि तितकीच भीतीही वाटली. तज्ज्ञ मान खाली घालून गाडीत बसले. गाडी पुढच्या वाटेने, म्हणजे कालव्यावरूनच गेली. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

निकाल लागेपर्यंत घरात पाथरीचं नाव कुणी काढलं नाही आणि नांदेडचंही नाही. प्रतिक्षा रोज हळदीजवळ बसून राही. मोबाइलला हात लावत नव्हती, चार्जिंग भरलेलं असूनही. मग एका दुपारी शिवशंकर सर स्वतः मोटारसायकलवर आले. तज्ज्ञांनी तिची पहिलीच कथा, एक अक्षर न बदलता, मंजूर केली होती. ‘वेदनेचा अभाव’ या शब्दांवर काट मारून त्यांनी खाली लिहिलं होतं: ‘कथा आहे तशी ठेवावी. म्हैस विकू नये.’

जून महिन्यात विश्वंभर तिला नांदेडला सोडून आला. जाताना तिच्यासोबत लोणच्याच्या दोन बरण्या होत्या, दोन्ही घरांतल्या, वेगवेगळ्या. पाथरीच्या पाहुण्यांनी दुसरीकडे जमवलं. लग्नाला आम्ही सगळे जाऊन आलो, जेवण चांगलं होतं. तज्ज्ञ मधूनमधून निर्मलाबाईंना फोन करतात आणि आज काय केलंय ते विचारतात. कथा इथे संपली. सर्व संबंधितांचं क्षेम आहे.

परंतु सुजाण वाचकहो, तुमचं तसं नाही. मुलगी पास झाली हे वाचून तुम्हाला बरं वाटलं, त्याबद्दल आभार. तरी ताटावरून उठल्यापासून तुमचा डोळा एकच गोष्ट शोधत खाली आला आहे: तो माणूस पुण्याला कुणाबरोबर राहतो, आणि घास हातात धरून तो नेमकं काय बोलला. मी ते दिलेलं नाही, हे लक्षात येऊन तुम्ही मागच्या पानावरही एकदा जाऊन आलात. दुसऱ्याच्या दुःखाची इतकी अस्सल भूक सहसा आढळत नाही. पुढच्या कार्यशाळेची नावनोंदणी सुरू असून तुमची पात्रता सिद्ध झाल्यामुळे तुमच्याकडून वेगळा अर्ज मागवण्यात येणार नाही.